आजीचा सोऱ्या आणि रेंडरिंगची शर्यत

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत लेक घरी आली आणि पहिल्याच जेवणात तिने विषय काढला. कॉलेजात तिने व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स घेतलाय आणि त्यासाठी नवा लॅपटॉप हवाय. "बाबा, रेंडरिंगला सगळ्यात फास्ट कुठला? तू एवढी वर्षं चिप्सच करतोयस ना, मग सांग की." बायको पलीकडून म्हणाली, "त्याला नको विचारूस, तो इतिहासापासून सुरुवात करेल." बायकोचं म्हणणं नेहमीप्रमाणे खरं ठरलं आणि त्यातून हा लेख झाला.

आमच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं असतं. त्यात २००३ सालचा पेंटियम ४चा टॉवर आहे, २०१२ सालचा एक लॅपटॉप आहे, आणि मुलाने गेम खेळायला जुळवलेला, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप आहे. त्यात बायकोचा ॲपलचा नवा लॅपटॉप धरला की वीस वर्षांचं छोटंसं म्युझियमच तयार. मिनी-डीव्ही टेपवरून उतरवलेली एक तासाची फाईल माझ्याकडे होती, सुमारे १३ गिगाबाइटची. म्हटलं, होऊन जाऊ दे! तीच फाईल चारही यंत्रांवर एच.२६४मध्ये रेंडर करायला लावली.

इथे एक खुलासा. 'रेंडर' हा शब्द दोन कामांसाठी वापरतात. एक म्हणजे पिक्सारवाले करतात ते. गणितातून चित्र निर्माण करायचं, म्हणजे प्रकाश कुठून आला, सावली कुठे पडली हे सगळं मोजायचं. दुसरं म्हणजे आपण घरी करतो ते. असलेली चित्रं कापून, जोडून, शेवटी लहान फाईलमध्ये दाबून बसवायची. दोन्हींत कॉम्प्युटर पंखा घोंघावत बसतो आणि माणूस पडद्यावरच्या टक्क्यांकडे बघत बसतो, म्हणून नाव एक पडलं असावं. इतिहासही दोन्हींचा एकमेकांत गुंतलेला आहे.

तर निकाल. पेंटियमला रात्री अकराला कामाला लावलं, सकाळी उठून पाहिलं तर गडी अजून अर्ध्यावरच. २०१२च्या लॅपटॉपने, त्यातल्या खास व्हिडिओ सर्किटवर, माझा चहा करून पिऊन होईपर्यंत काम उरकलं. ॲपलवाल्याने चहा गाळेपर्यंतच. लेकीला उत्तर मिळालं आणि ती उठून गेली.

पण डेस्कटॉपवर एक गंमत दिसली. आधी मी ग्राफिक्स कार्डातल्या सर्किटवर काम दिलं, तर काही मिनिटांत संपलं. मग तीच फाईल, तेवढ्याच आकारात, साध्या प्रोसेसरवर एक्स२६४ नावाच्या सॉफ्टवेअरला सगळ्यात संथ सेटिंगवर दिली, तर दुपार गेली. म्हणजे एकाच डब्यात बसलेल्या दोन भागांत, दोन यंत्रांत असावा तेवढा फरक! आणि दोन्ही फाईली शेजारी शेजारी लावून पाहिल्या तर दुपार खाणारी जास्त चांगली दिसत होती. मग फास्ट कोण? हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, आणि तो आजचाही नाही.

मी राहतो तिथून पंधरा मिनिटांवर, माउंटन व्ह्यूमध्ये, शोरलाइन बुलेव्हार्डवर कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम आहे. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना गोल्डन गेट दाखवतो, गूगलच्या आवारात फोटो काढतो आणि मग मी त्यांना (त्यांची इच्छा असो नसो) या म्युझियममध्ये नेतो. म्युझियमची इमारत आणि गूगलचं मुख्य आवार ही दोन्ही मुळात एकाच कंपनीची होती, हे पाहुण्यांना माहीत नसतं. ती कंपनी सिलिकॉन ग्राफिक्स. २००२ साली म्युझियमने इमारत विकत घेतली, २००३ साली गूगलने आवार भाड्याने घेतलं. एका संस्थानाचे वाडे दुसऱ्यांनी घ्यावेत तसं झालं. त्या संस्थानाची सगळी दौलत हार्डवेअर ॲक्सिलरेशन या एका कल्पनेवर उभी होती.

गोष्ट सुरू होते युटाच्या विद्यापीठात. आयव्हन सदरलंड हे कॉम्प्युटर ग्राफिक्समधलं आद्य नाव १९६८ साली तिथे शिकवायला गेलं. त्याच वर्षी टी. एच. मायर यांच्याबरोबर त्यांनी एक निबंध लिहिला, पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रोसेसरची रचना कशी करावी यावर. निबंध तांत्रिक आहे, पण त्यातलं एक निरीक्षण आजही आम्ही लोक मीटिंगमध्ये ऐकवतो. मुख्य कॉम्प्युटरवरचा भार कमी करायला तुम्ही चित्रं काढणारं एक वेगळं यंत्र जोडता. मग त्याला थोडी अक्कल देता, मग आणखी थोडी. शेवटी तेच एक पूर्ण कॉम्प्युटर होऊन बसतं. मग त्याच्यावरचा भार कमी करायला तुम्ही पुन्हा एक वेगळं यंत्र जोडता! याला त्यांनी पुनर्जन्माचं चाक म्हटलं. आपल्याला हे समजायला निबंध वाचायची गरज नाही, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा आपण लहानपणापासून ऐकतोय.

सदरलंड यांचा युटातला विद्यार्थी जिम क्लार्क. १९७४ साली पीएचडी झाला. पुढे स्टॅनफर्डला शिकवत असताना त्याने 'जॉमेट्री इंजिन' नावाची चिप बनवली. त्रिमितीतली वस्तू फिरवायची, पडद्याबाहेर गेलेला भाग छाटायचा आणि उरलेला भाग पडद्याच्या मापात बसवायचा, एवढंच तिचं काम. एकच चिप बारा वेळा रांगेत लावायची. पहिल्या चार फिरवण्याचं गणित करतात, पुढच्या सहा छाटतात, शेवटच्या दोन माप बसवतात. लग्नघरातल्या पोळ्यांच्या पंगतीसारखंच हे. एकीने गोळे करायचे, दुसरीने लाटायच्या, तिसरीने भाजायच्या. कोणी एकटी सुगरण एवढा वेग गाठू शकणार नाही. १९८२ साली या चिपवर क्लार्क आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी सिलिकॉन ग्राफिक्स उभी केली. १९९३च्या 'जुरासिक पार्क'मधले कॉम्प्युटरने केलेले डायनासोर याच कंपनीच्या यंत्रांवर तयार झाले.

त्याच युटातला, त्याच १९७४ सालचा दुसरा पीएचडी म्हणजे एड कॅटमल, पिक्सारचा एक संस्थापक. पिक्सार सुरुवातीला हार्डवेअर विकणारी कंपनी होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. १९८६ साली तिने 'पिक्सार इमेज कॉम्प्युटर' बाजारात आणला. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता अशा चार गोष्टींवर एकाच वेळी काम करणारं ते यंत्र होतं. किंमत १,३५,००० डॉलर! घेणारे फार मिळाले नाहीत आणि १९९० साली पिक्सारने तो धंदा विकून टाकला. हाती उरलं ते रेंडरमॅन हे सॉफ्टवेअर.

मग १९९५ साली 'टॉय स्टोरी' आला. ॲनिमेटर्स आकृत्या हलवून बघायचे ते सिलिकॉन ग्राफिक्सच्या वेगवान पडद्यांवर. पण शेवटची चित्रं, म्हणजे थिएटरात आपण पाहिली ती, रेंडर झाली सन कंपनीच्या ११७ साध्या वर्कस्टेशन्सवर, सामान्य प्रोसेसरवर, चित्रं काढण्याच्या खास चिपशिवाय. १,१४,२४० फ्रेम्स आणि ८,००,००० यंत्र-तास. भागाकार केला तर एका फ्रेमला सरासरी सात तास. एकाच यंत्रावर केलं असतं तर एक्क्याण्णव वर्षं लागली असती.

एवढी वेगवान यंत्रं गावात असताना पिक्सारने संथ रस्ता का धरला? क्लार्कच्या चिपचा वेग ती काय काय करत नाही यावर अवलंबून होता. तिला फिरवता, छाटता, मापता यायचं. खेळण्याच्या प्लॅस्टिकवरची चकाकी कशी हवी हे रोज बदलणाऱ्या दिग्दर्शकाचं ऐकणं तिच्या घडणीतच नव्हतं. संथ प्रोसेसर मात्र सांगाल ते करतो.

या युटावाल्यांपैकी तिसरा, जिम ब्लिन. त्याच्या नावाचा एक गमतीदार नियम आहे, यंत्रं कितीही वेगवान झाली तरी एका फ्रेमला लागणारा वेळ तेवढाच राहतो. कारण वेग वाढला की कलाकार अधिक केस, अधिक पानं, अधिक दिवे मागतो. २०१३च्या 'मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी'ला एका फ्रेममागे सरासरी २९ तास लागले. अठरा वर्षांत प्रोसेसर कुठल्या कुठे गेले आणि वेळ चौपट झाला! मुंबईच्या रस्त्यांवर फ्लायओव्हर आणि गर्दी यांचं जे नातं, तेच हे.

आता घरच्या व्हिडिओकडे येऊ. यात एवढं मोजायचं काय असतं? थोडं गणित करू, घाबरू नका. अमेरिकेतल्या डीव्हीची एक फ्रेम ७२० बाय ४८० ठिपक्यांची. ती दाबताना १६ बाय १६चे चौकोन पाडतात, म्हणजे १,३५० चौकोन. सेकंदाला सुमारे ३० फ्रेम्स, म्हणून साधारण ४०,५०० चौकोन. प्रत्येक चौकोनासाठी विचारायचं, बाबा रे, मागच्या फ्रेममध्ये तू कुठे होतास? सापडला तर पूर्ण चित्र साठवायला नको, 'तिथून इकडे सरकला' एवढी नोंद पुरते. आजूबाजूला १६ ठिपक्यांपर्यंत सगळीकडे शोधलं तर १,०८९ जागा तपासायच्या आणि प्रत्येक जागी २५६ वजाबाक्या. एका सेकंदाच्या व्हिडिओला अकराशे कोटींहून अधिक वजाबाक्या झाल्या! माझ्या पेंटियमचं घड्याळ सेकंदाला २४० कोटी वेळा टिकटिकतं. इतकं सगळं कोणीच शोधत नाही म्हणा, चलाखीने मोजक्या जागा बघतात. कुठे आणि किती बघायचं, यातच सगळी कला आहे.

चाक इथेही फिरलं. १९९७ साली इंटेलने पेंटियममध्ये एमएमएक्स नावाच्या सूचना घातल्या, एका फटक्यात अनेक छोट्या आकड्यांवर काम करणाऱ्या. १९९९च्या पेंटियम ३मध्ये तर एक सूचना नेमकी याच कामाची होती. आठ ठिपक्यांच्या वजाबाक्या, उणे चिन्ह काढून, त्यांची बेरीज, सगळं एकदम. पेंटियम ४ने आठाचे सोळा केले. म्हणजे सामान्य प्रोसेसरच्या पोटात खास यंत्र शिरलं. त्याच १९९९ साली एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि क्लार्कच्या बारा चिपांचं काम गेम खेळणाऱ्या पोरांच्या कार्डात एका चिपवर आलं. पाठोपाठ ही ग्राफिक्स चिप प्रोग्रॅम करता येऊ लागली आणि २००७ साली कुडा आलं, तेव्हा ती चित्रं सोडून कुठलंही गणित करू लागली. खास यंत्राचा सामान्य कॉम्प्युटर झाला. सदरलंड यांनी सांगितलं तसंच.

मजा म्हणजे व्हिडिओ दाबायला ही हजारो हातांची चिप फारशी सोयीची ठरली नाही. 'मागच्या चौकोनाचं काय ठरलं ते कळल्याशिवाय माझं ठरणार नाही' अशी रांगेतली बरीच कामं त्यात असतात. हजार माणसं लावून रांग लवकर सरकत नाही. म्हणून २०११ साली इंटेलने क्विक सिंक आणि २०१२ साली एनव्हिडियाने एनव्हेन्क नावाने, फक्त व्हिडिओ दाबणारी स्वतंत्र सर्किटं चिपमध्ये बसवली. पुन्हा एकदा खास यंत्र! २०२१ साली गूगलने यूट्यूबसाठी स्वतःची व्हिडिओ चिप जाहीर केली, आधीच्या सॉफ्टवेअर व्यवस्थेपेक्षा २० ते ३३ पट किफायतशीर. ज्या कंपनीचं आवार गूगलने घेतलं, तिचा धडाही तिने गिरवला म्हणायचा. खुद्द सिलिकॉन ग्राफिक्सने मात्र २००६ आणि २००९ अशी दोनदा दिवाळखोरी जाहीर केली. खास यंत्र विकणाऱ्याचं हेच भय. सामान्य यंत्र मागून चालत येतं आणि एक दिवस पुढे निघून जातं.

आता हे सगळं मी का उगाळत बसलो, ते सांगतो.

२००२च्या दिवाळीला मी भारतात गेलो होतो. नवा कॅमकॉर्डर घेऊन. सांगलीच्या घरी आजी चकल्या करत होती आणि मी समोर बसून तासभर शूटिंग केलं. तिचा पितळी सोऱ्या, हाताच्या एका लयीत फिरणारी ताटली, गोल गोल पडणारी चकली. मध्येच ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, "अरे, ते बंद कर आणि गरम आहेत तोवर खा."

पुढच्या वर्षी आतेभाऊ अमेरिकेतून परत निघाला होता, सकाळचं विमान. त्याच्याबरोबर आजीसाठी डीव्हीडी पाठवायची ठरली, आणि मी नेहमीप्रमाणे आदल्या रात्री दहाला बसलो. प्रोग्रॅममध्ये दोन पर्याय होते. 'बेस्ट'ला सकाळचे नऊ वाजले असते, 'फास्ट' दोन तासांत. मी फास्ट दाबलं आणि डिस्कवर भरपूर मावावं म्हणून दर्जाही खाली ओढला. डीव्हीडी गेली, आजीने पाहिली, शेजारणींना दाखवली. आणि टेप? टेपवर मी पुढे मुलाचा वाढदिवस घेतला. चार डॉलरची टेप वाचवली.

आजी २००६ साली गेली. आज माझ्याकडे आहे ती तेवढी डीव्हीडी. तिच्यात आजीचा चेहरा ठीक दिसतो, मागची भिंत, फडताळ, सगळं ठीक दिसतं, कारण ते हलत नव्हतं. पण सोऱ्या फिरायला लागला की तिच्या हातांचे चौकोन होतात. फास्ट म्हणजे काय, तर चौकोन कुठून आला हे नीट न शोधणं. जे वेगाने हलतं तेच सापडत नाही आणि तेच मोडतं. भिंत वाचली, हात गेले.

लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हल्ली एआयने व्हिडिओ शार्प करता येतो, करून बघू?" केलं. आजीच्या हातांना बोटं आली, छान रेखीव. पण त्या कुणाच्या तरी बोटांचा अंदाज आहे. आजीच्या उजव्या तर्जनीला तळणीचा जुना डाग होता, तो कुठलं यंत्र शोधून काढणार? तो चौकोन मीच त्या रात्री फेकून दिला.

आणि सोऱ्याचंच बघा. चकलीचा साचा घातला की चकली, शेवेचा घातला की शेव, भराभर आणि एकसारखी. पण लाडू वळायला तो उपयोगाचा नाही, तिथे हातच लागतात. आजीच्या घरात सोऱ्याही होता आणि हातही होते, आणि कशाला काय वापरायचं हे तिला कळत होतं. माझी एवढी वर्षं चिप्स करण्यात गेली तरी त्या रात्री मला ते कळलं नाही.

असो. लेकीला शेवटी दिलेलं उत्तर इथेही लिहून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं. कुठलाही बरा लॅपटॉप घे, आजकाल सगळ्यांत व्हिडिओचं सर्किट असतंच. कापाकापी करताना, मित्रांना पाठवताना ते वापर आणि खुशाल फास्ट दाब. जे ठेवायचं आहे ते मात्र रात्री झोपताना सगळ्यात संथ सेटिंगवर लाव, सकाळी झालेलं असेल. आणि ओरिजिनल कधीही पुसू नकोस, डिस्क आता टेपपेक्षा स्वस्त आहे.

तिने मान डोलावली आणि विचारलं, "पण बाबा, मग घेऊ कुठला?"